चार यो-यो आणि एक हात

विज्ञान शिकवताना खेळणी वापरावीत, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. भोवरा, भिंगरी, पतंग, आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ही सगळी मंडळी वर्गात येऊन गेली आहेत. पण एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. एकाच खेळण्याचे चार प्रकार समोर असतील, तर त्यांतला कोणता वर्गात न्यावा? पुस्तकाची निवड करताना आपण दहा पाने चाळून पाहतो, सूक्ष्मदर्शक घेताना भिंगे तपासतो. खेळणे मात्र खोक्यावरचा मजकूर वाचून घेतो.

यो-योचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. खोक्यावर हल्ली हमखास एक आकडा असतो: हा यो-यो दोरीच्या टोकाशी इतका वेळ ‘झोपतो’. झोपणे म्हणजे खाली जाऊन तिथेच, वर न येता, गरगर फिरत राहणे. जितकी झोप लांब तितका यो-यो चांगला, असा सरळ हिशोब. हा हिशोब खेळाडूसाठी अर्धाच खरा आहे आणि शिक्षकासाठी तर दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी चार यो-यो टेबलावर मांडू या आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारू या.

चौघांची ओळख

पहिला जत्रेतला. दोन लाकडी चकत्या, मध्ये आस, आणि दोरी त्या आसाला पक्की बांधलेली. चन्नपट्टणच्या लाखकामाच्या रंगीत खेळण्यांत किंवा जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या मालात असा नमुना मिळतो. यो-योची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पूर्व ४४०च्या सुमाराच्या एका ग्रीक पात्रावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे, आणि १७७०च्या सुमाराच्या राजस्थानी शैलीतल्या एका लघुचित्रात एक स्त्री तो खेळते आहे. हिंदीत याला ‘चकरी’ म्हणतात. ‘यो-यो’ हे नाव फिलिपिन्समधून आले. तिथे तो शेकडो वर्षे शिकारीचे हत्यार होता, ही गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते. पण तिला भक्कम पुरावा नाही. वर्गात ती सांगायचीच झाली, तर ‘पुरावा नसलेली गोष्ट छापली की ती कशी पसरते’ याचा नमुना म्हणून सांगावी.

दुसराही लाकडीच. बाहेरून पहिल्यासारखा, पण दोरी आसाला बांधलेली नाही. दुहेरी पिळाच्या दोरीचा फासा आसाभोवती नुसता अडकवलेला आहे. फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा येथे असे यो-यो बनवून विकायला सुरुवात केली. पुढे डोनाल्ड डंकन यांनी तो धंदा विकत घेतला आणि यो-यो घरोघर पोचला. फरक केवढा, तर एका गाठीचा. पण त्या एका सुटलेल्या गाठीने यो-योला झोप दिली.

तिसरा प्लॅस्टिकचा, पोटात क्लच असलेला. याचे पेटंट मायकेल कॅफ्री यांनी १९८० साली घेतले आणि पुढे योमेगा कंपनीने तो ‘ब्रेन’, म्हणजे मेंदू, या नावाने बाजारात आणला. वेग कमी झाला की तो आपोआप वर येतो.

चौथा धातूचा. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन वाट्या पाठीला पाठ लावून जोडाव्यात तसा रुंद खाचेचा आणि मध्ये बॉल बेअरिंग. सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम कून हे पेशाने दंतवैद्य. त्यांनी १९७८ साली उघडून पुन्हा जोडता येणारा लाकडी यो-यो काढला आणि १९९० साली बेअरिंगचा अ‍ॅल्युमिनियम यो-यो. आज स्पर्धांमध्ये बहुतेक खेळाडूंच्या हातात बेअरिंगचेच यो-यो असतात.

नुसता सोडून पाहा

पहिली परीक्षा अगदी साधी. यो-यो फेकायचा नाही. दोरी पूर्ण गुंडाळून हात स्थिर ठेवायचा आणि यो-यो नुसता सोडायचा. तळाशी पोचायला किती वेळ लागला, ते घड्याळाने मोजायचे.

दगड ९० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.४३ सेकंद लागतात. यो-यो त्याहून कितीतरी हळू उतरतो. कारण उतरण्यासाठी त्याला फिरावे लागते, आणि पडण्यातून मिळणारी बहुतेक ऊर्जा त्या फिरण्यात जमा होते. हिशोब असा आहे. यो-योचे वस्तुमान आसापासून सरासरी ‘क’ अंतरावर आहे असे धरा (ही सरासरी वर्गांची असते, भरीव चकतीसाठी ती त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट येते) आणि दोरी जिथून सुटते त्या आसाची त्रिज्या ‘आ’ माना. मग खाली येण्याचे त्वरण म्हणजे ९.८ भागिले (१ + क²/आ²).

आपल्या दुसऱ्या, लाकडी यो-योची त्रिज्या २८ मिलिमीटर आणि आसाची त्रिज्या ४ मिलिमीटर धरली, तर क²/आ² येते २४.५. त्वरण सेकंदाला सेकंदामागे फक्त ०.३८ मीटर! ९० सेंटिमीटर उतरायला सुमारे २.२ सेकंद लागतील. आता चौथा घ्या. त्याचे वस्तुमान कडेला जास्त, म्हणून ‘क’ २१ मिलिमीटर धरू. पण दोरी बारीक आसावर नसून बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर असते. या कड्याचा प्रचलित व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ६.३५. आता क²/आ² येते सुमारे ११, आणि वेळ सुमारे दीड सेकंद.

गंमत पाहा. सर्वांत महाग, सर्वांत जास्त झोपणारा यो-यो या परीक्षेत भराभर खाली येतो आणि साधा लाकडी सावकाश, डौलाने उतरतो. गुंडाळलेल्या दोरीची जाडी आपण धरलेली नाही. सुरुवातीला दोरीच्या थरांमुळे ‘आ’ मोठा असतो, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही वेळा कमी येतील. दोघांच्या खाचेत थरांची जाडी वेगवेगळी असेल, तर फरकही थोडा बदलेल. विद्यार्थ्यांना आकडे आधी सांगू नका. ‘कोणता आधी पोचेल?’ एवढेच विचारा, पैजा लागू द्या आणि मग मोजा.

याच परीक्षेतून आणखी एक गोष्ट निघते. तळाशी पोचताना यो-यो किती वेगाने फिरत असेल? ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढले तर लाकडी यो-यो सेकंदाला सुमारे ३३ फेरे आणि धातूचा सुमारे ३० फेरे घेतो. इथे दोरीच्या जाडीचा प्रश्न येत नाही, कारण शेवटी दोरी संपलेली असते. लाकडी यो-योत पडण्यातून मिळालेल्या ऊर्जेपैकी ९६ टक्के ऊर्जा फिरण्यात जाते. म्हणजे उतरण्याच्या वेळांत एवढी तफावत असूनही तळाशी दोघे जवळजवळ सारख्याच वेगाने फिरत असतात.

ही परीक्षा पहिल्या, बांधलेल्या दोरीच्या यो-योवर उत्तम होते. तो तळाशी जातो, आसाभोवती वळसा घेतो आणि फिरण्याची दिशा तीच ठेवून दोरी उलट बाजूने गुंडाळत वर चढतो. ‘दोरी ताणली जाते आणि रबरासारखा झटका देऊन त्याला वर फेकते’ हे स्पष्टीकरण मुले देतात, आणि कधीकधी आपणही देतो. ते चूक आहे. वर नेते ती फिरण्यात साठवलेली ऊर्जा.

तुमच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगकाटा असेल, तर पहिला यो-यो त्याला टांगा. खाली येताना काटा यो-योच्या वजनापेक्षा किंचित कमी दाखवील. मग विचारा: वर जाताना काय दाखवील? बहुतेक जण म्हणतील, जास्त. प्रत्यक्षात तेव्हाही तो किंचित कमीच दाखवतो. वर जाताना यो-योचा वेग कमी होत असतो, म्हणजे त्याचे त्वरण तेव्हाही खालच्याच दिशेला असते. फक्त तळाशी वळण घेताना काट्याला जोराचा हिसका बसतो. ‘वेगाची दिशा’ आणि ‘त्वरणाची दिशा’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अर्ध्या तासाच्या भाषणाने जे समजत नाही ते या काट्याच्या एका नजरेत समजते. आणि हे काम करतो चौघांतला सर्वांत स्वस्त यो-यो, ज्याला अजिबात झोपता येत नाही!

झोप कशाने येते?

आता झोपेकडे वळू. दुसऱ्या यो-योत दोरीच्या फाशातून आस घसरत फिरते. तिला थांबवते ते सुताचे आणि लाकडाचे घर्षण. यो-यो जड असेल तर फासा आसावर जास्त दाबला जातो आणि घर्षण वाढते. पण जड यो-योला थांबवणेही त्याच प्रमाणात अवघड असते. समीकरण मांडले की वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते. ‘जड यो-यो जास्त झोपतो’ हा समज आहे तेवढा खरा नाही. सारख्याच वेगाने फिरणारे, पण वेगवेगळ्या वजनांचे दोन लाकडी यो-यो घेतले, तर झोप वजनावर ठरत नाही. ते वजन कुठे आहे आणि आस किती बारीक आहे, यावर ती ठरते. घर्षणांक ०.२५ मानला, तर आपल्या लाकडी यो-योची ३३ फेऱ्यांची गती साधारण आठ सेकंदांत संपेल. जोरात फेकला तर सुरुवातीची गती जास्त, म्हणून झोपही जास्त.

बेअरिंगने हे चित्र पालटले. घसरण्याच्या जागी छर्रे गडगडू लागले. आता घर्षण इतके कमी झाले की हवेचा विरोध आणि दोरीचा खाचेच्या भिंतीला होणारा स्पर्श हेच मुख्य अडथळे उरले. इथे मात्र जास्त वजनाचा फायदा होतो, कारण हवेचा विरोध वजनाबरोबर वाढत नाही. चांगल्या खेळाडूच्या हातातला बेअरिंगचा यो-यो कित्येक मिनिटे फिरत राहतो.

झोपेसाठी आणखी एक गोष्ट लागते, जी खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी या अंतराळयानातून काही खेळणी नेण्यात आली. ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या कॅरोलिन समर्स यांनी हा शैक्षणिक उपक्रम आखला होता. त्या खेळण्यांत यो-योही होता. तिथे तो हळू फेकला तरी दोरीच्या वाटेने छान जाऊन परत येई, पण टोकाशी झोपत नसे. टोकाला पोचला की लगेच परत फिरे. जमिनीवर यो-योचे वजन दोरी ताणून धरते आणि म्हणून फासा आसावर घसरत राहतो. वजन जाणवले नाही की दोरी सैल पडते आणि सैल दोरीला आस पकडून गुंडाळते.

हीच गोष्ट आपण जमिनीवर यो-यो जागा करताना करतो. बोटाने हलकेच वर ओढले की यो-यो क्षणभर उचलला जातो, दोरीतला ताण जातो आणि सैल दोरी आसावर पकडली जाते. खेळाडू तळहाताच्या एका हालचालीने अर्ध्या क्षणापुरते अंतराळयानच तयार करतो, असे म्हटले तरी चालेल.

हाताला काय कळते

इथपर्यंत मोजता येणाऱ्या गोष्टी झाल्या. पण खेळण्याची परीक्षा शेवटी हातच करतो, आणि हाताचे म्हणणेही नोंदवून ठेवले पाहिजे.

पहिला यो-यो हाताला ताल शिकवतो. तो प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा गमावतो आणि ती आपण भरून द्यावी लागते. केव्हा? तळाशी पोचण्याच्या बेताला हात किंचित वर न्यायचा. लवकर नेला तर फुकट, उशिरा नेला तर तोच हिसका उलटा बसतो. झोपाळ्यावरच्या मुलाला धक्का द्यायची वेळ जशी अंगात भिनते, तशीच ही भिनते. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हा ताल सापडतो, आणि तो सापडल्याचे समाधान तोंडावर स्पष्ट दिसते.

दुसरा यो-यो अवघड आहे. तो पहिल्या दिवशी बहुतेकांना दाद देत नाही. मनगट वळवून सरळ रेषेत फेकला नाही तर तिरका होतो, आणि तिरका झाला की दोरी भिंतीला घासून झोप मोडते. फासा घट्ट असेल तर झोपत नाही, सैल असेल तर उठत नाही. हे घट्ट-सैल दोरीच्या पिळावर अवलंबून असते आणि खेळता खेळता पीळ बदलत जातो. म्हणून खेळाडू मधूनमधून यो-यो दोरीला लोंबकळत सोडतो आणि पीळ आपसूक उलगडू देतो. दोरीची लांबीही आपल्या मापाची लागते. जमिनीपासून बेंबीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. दोरी सुती हवी. पॉलिएस्टरची दोरी बेअरिंगवर उत्तम चालते, पण लाकडी आसावर घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून तुटू शकते. घर्षणाने उष्णता निर्माण होते, हे तळहात चोळून दाखवण्यापेक्षा ही गोष्ट मुलांच्या जास्त लक्षात राहते. दुसऱ्या यो-योत जे काही बिघडते त्याचे कारण उघड्या डोळ्यांनी शोधता येते, आणि जे सुधारते ते हाताने सुधारावे लागते. त्याची परत येण्याची थापही वेगळी असते. लाकूड तळहातावर मऊ, भरीव आवाज करून बसते.

तिसरा, क्लचचा यो-यो, पहिल्याच फेकीला जमतो. याचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या मुलाला काहीच जमत नाही त्याला पहिले यश मिळणे ही मोठी गोष्ट आहे. आतली योजनाही हुशारीची आहे. आसावर ढिली फिरणारी एक नळी असते आणि तिला स्प्रिंग लावलेले दोन छोटे चिमटे धरून ठेवतात. चिमट्यांच्या टोकांना वजने असतात. यो-यो वेगाने फिरू लागला की ती वजने बाहेर सरकतात, चिमटे उघडतात आणि यो-यो झोपतो. वेग उतरला की स्प्रिंगचा जोर वरचढ होतो, चिमटे नळीला पकडतात आणि यो-यो वर येतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही वजने बाहेर सरकण्याच्या तत्त्वावरचा क्लच असतो. फक्त तिथे वेग वाढला की क्लच पकडतो आणि इथे सोडतो.

पण खेळायला लागल्यावर दोन उणिवा जाणवतात. फेक कमी जोराची असेल तर चिमटे उघडतच नाहीत आणि हा महाग यो-यो जत्रेतल्या पहिल्यासारखा वागतो. त्यात पहिल्याचा ताल मात्र नसतो. फेक चांगली असेल तर परत येण्याची वेळ यो-यो ठरवतो, आपण नाही. दोरीची एखादी रचना अर्ध्यावर असताना तो निघून येतो. हाताला वाटते, आपण खेळत नसून सोबत उभे आहोत. मी एकदा बाजारात मिळणारी अशीच एक नक्कल वर्गात उघडायला घेतली. ती उघडण्यासाठी केलेलीच नव्हती. कवच निघाले तशी स्प्रिंग उडाली आणि बाकांखाली नाहीशी झाली. खोक्यावर मात्र ‘विज्ञान खेळणे’ असे ठळक छापलेले होते. ज्याच्या आत पाहता येत नाही, त्याला विज्ञान खेळणे कशाला म्हणायचे?

चौथा, बेअरिंगचा, हे आणखी निराळे प्रकरण आहे. हातात घेतल्यावर साठ-पासष्ट ग्रॅमचे ते थंड वजन आधी जाणवते. फेकला की आवाज जवळजवळ नाही आणि थरथर नाही. आणि मग नवशिक्याचा पहिला धक्का: दोरी कितीही ओढा, तो वर येतच नाही! स्पर्धेचे यो-यो जाणूनबुजून असे केलेले असतात, कारण दोरीच्या गुंतागुंतीच्या रचना करताना तो चुकून वर आला तर खेळ मोडतो. त्याला परत आणण्यासाठी दोरीचा एक दुमड खाचेत घालून दोरी भिंतींमध्ये अडकवावी लागते. खेळाडू याला ‘बाइंड’ म्हणतात. म्हणजे एका टोकाला सारे काही आपोआप करणारा तिसरा आणि दुसऱ्या टोकाला काहीही आपोआप न करणारा चौथा.

लांब झोपेचा खरा उपयोग इथे दिसतो. झोप हे बक्षीस नव्हे, ती मोकळी वेळ आहे. त्या वेळात काय करता येते, यात खेळ आहे. रुंद खाच दोरीवर सहज झेलता येते, आणि कडेला असलेले वस्तुमान अक्षाला स्थिर ठेवते. शिक्षकालाही निरीक्षणाला वेळ मिळतो. किंचित तिरका फेकलेला यो-यो कोसळत नाही, तर त्याचा अक्ष दोरीभोवती हळूहळू वळू लागतो. अनुभवी खेळाडू त्याच्याबरोबर स्वतःही वळतात. भोवऱ्याच्या डोलण्याचेच हे भावंड. आठ सेकंदांच्या झोपेत हे वर्गाला दाखवणे अवघड, दोन मिनिटांच्या झोपेत सोपे.

मात्र याचा अर्थ चौथा सर्व खेळांत श्रेष्ठ, असाही नाही. स्पर्धांचे पाच मुख्य विभाग आहेत. त्यांतल्या दोन्ही हातांनी यो-यो पुढे फेकून मनगटाभोवती फिरवत ठेवण्याच्या विभागात अरुंद, गोलसर कडेचे आणि झटकन परत येणारे यो-यो लागतात. तिथे चौथा निरुपयोगी. ज्या विभागात यो-यो दोरीला बांधलेलाच नसतो, तिथे आणखी रुंद लागतो. खेळाडूंना ‘सर्वांत चांगला यो-यो कोणता?’ असे विचारले तर ते उलट विचारतात, ‘कशासाठी?’

मेंदू कुठे ठेवायचा?

हाच प्रश्न शिक्षकाने विचारायला हवा. चारही यो-यो ओळीने पाहिले की एक गोष्ट दिसते. प्रत्येक सुधारणेने हातातले एखादे काम काढून यंत्राकडे दिले आहे, आणि कधी त्याबदल्यात हाताला नवे काम दिले आहे. फ्लोरेस यांच्या फाशाने ऊर्जा भरत राहण्याचे काम काढून घेतले, पण झोपवण्याचे आणि उठवण्याचे कसब दिले. बेअरिंगने घर्षणाशी झगडण्याचे काम घेतले, पण दोरीच्या रचनांचे विस्तीर्ण मैदान उघडले. हे दोन्ही सौदे फायद्याचे. क्लचने उठवण्याचे काम घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. त्याच्या नावातच कबुली आहे. मेंदू यो-योमध्ये बसवला.

हा आक्षेप यंत्रावर नाही. क्लचची रचना पाहण्याजोगी आहे, आणि एखादा जुना, मोडका नमुना उघडून काचेच्या बरणीत ठेवला तर तो उत्तम पाठ देईल. आक्षेप आहे तो आपल्या निवडीवर. ‘पहिल्याच फेकीला जमते’ आणि ‘जास्त वेळ झोपतो’ या दोनच कसोट्यांवर आपण खेळणे घेतले, तर मुलाला यश मिळेल, पण ते कशामुळे मिळाले हे त्याला कळणार नाही. लाकडी यो-यो दहा वेळा फसतो, पण प्रत्येक फसण्यामागे शोधता येईल असे कारण असते: तिरकी फेक, घट्ट पीळ, लांब दोरी. अकराव्या वेळी जमते तेव्हा मुलाजवळ कौशल्याबरोबर स्पष्टीकरणही असते. विज्ञानशिक्षणात आपण दुसरे काय मागतो?

एका वर्गात पन्नास मुले असतात, हेही विसरून चालणार नाही. धातूचा एक उत्तम यो-यो आणला, तर तो शिक्षकांच्या हातात राहतो आणि मुले प्रेक्षक होतात. शिवाय तो कपाळावर बसला तर खोक पडते. तेवढ्याच पैशांत लाकडाचे किंवा साध्या प्लॅस्टिकचे बरेच यो-यो येतात आणि बाकाबाकावर एक देता येतो. जवळपास लाकडावर लेथकाम करणारा कारागीर असेल, तर त्याच्याकडून दोन-तीन जाडीच्या आसांचे यो-यो कातून घ्या. आसाच्या जाडीचा परिणाम मोजण्याचा प्रयोग बाजारातल्या कोणत्याच खोक्यात मिळत नाही.

शाळेच्या पेटीसाठी माझी शिफारस म्हणून अशी आहे. पाचवी ते सातवीला बांधलेल्या दोरीचा यो-यो: ताल, ऊर्जेचे रूपांतर, स्प्रिंगकाट्याचा प्रयोग. आठवी ते दहावीला सुती फाशाचा लाकडी यो-यो: घर्षण, पीळ, झोपेची मोजणी. अकरावी-बारावीला वरच्या दोघांबरोबर बेअरिंगचा एक: त्वरणाचा हिशोब आणि अक्षाचे वळणे. क्लचचा विकत घेऊ नका. कोणाकडे मोडलेला असेल तर मागून आणा.

आणि झोपेचा तक्ता करायचाच असेल, तर त्यात आणखी एक रकाना घाला. यो-यो किती सेकंद झोपला याच्या शेजारी, ‘तो त्या वेळी का उठला, हे सांगता आले का?’ हा प्रश्न लिहा. भोवऱ्याला जाळी गुंडाळून हातजाळी घेणाऱ्या मुलाला आर बोथट झाली की काय बिघडते हे न शिकवता ठाऊक असते, कारण ती आर त्यानेच ठोकलेली असते. यो-योच्या बाबतीतही मुलाला तेवढी ओळख होईल असा यो-यो निवडावा.